दारातला पहिला प्रश्न

१८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला त्या सुमारास काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. ती दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून पोट भरत होती. ज्या पुरुषामुळे तिला दिवस गेले त्याने हात झटकले, आणि जन्मलेल्या बाळाचा तिने जीव घेतला. बाळंत व्हायला सुरक्षित जागा मिळाली असती तर हे टळले असते, एवढा सरळ विचार करून फुले दांपत्याने आपले दार उघडले. ब्राह्मण वस्तीत भिंतींवर जाहिराती लागल्या. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाही तर ठेवून जावे, असा त्यांचा आशय होता. पुढे १८८४ मध्ये जोतिरावांनीच लिहून ठेवले की तोवर पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. गर्भ पाडण्यासाठी आधी घेतलेल्या जहाल औषधांनी बाकीची पोटातच दुखावली होती. मदतीच्या दारापर्यंत पोचण्याआधी बाईने किती काय एकटीने करून पाहिलेले असते, ते या एका आकड्यातून कळते. त्या घराने मात्र तिच्याकडे चारित्र्याचा दाखला मागितला नाही. गुप्तता राखणे हा तिथला नियम होता आणि मुलाचे काय करायचे याचा निर्णय आईचा होता.

घरात मार खाणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या, बलात्कार सोसलेल्या स्त्रीला आधार देण्याचा महाराष्ट्रातला इतिहास बहुधा कायद्यांच्या सालांनी सांगितला जातो. अमुक साली कलम आले, तमुक साली सुधारणा झाली, मग योजना सुरू झाली, अशी ती मांडणी असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. कायदा पुस्तकात असतो. बाई एखाद्या ठाण्यात, दवाखान्यात, आश्रमात किंवा कचेरीत जाऊन उभी राहते. तिथे बसलेले माणूस तिला पहिला प्रश्न कोणता विचारते, यावर पुढचे सारे ठरते. ‘तू चांगल्या घरची आहेस ना?’, ‘तुझ्या अंगावर वळ कुठे आहेत?’, ‘तूच काही केले असशील ना?’ असे प्रश्न तिची लायकी तपासतात. ‘तू आज रात्री कुठे झोपणार आहेस?’, ‘तुला काय व्हावेसे वाटते?’ हे प्रश्न तिची गरज विचारतात. गेल्या दीडशे वर्षांत मदत खऱ्या अर्थाने पुढे सरकली ती जेव्हा जेव्हा पहिला प्रश्न बदलला तेव्हा, आणि बाई ज्या दाराशी आपोआप येते तिथेच मदत नेऊन बसवली तेव्हा. कायदे, इमारती आणि निधी या दोन गोष्टींच्या कामी आले तेवढेच फळले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की फुल्यांच्या घराचा आजच्या समुपदेशन केंद्रांशी संबंध जोडणे म्हणजे आजचे शब्द कालच्या तोंडी घालणे आहे. ते घर बालहत्या थांबवण्यासाठी होते, हिंसाचाराविरुद्ध नव्हे. नावापुरते हे खरे आहे. पण त्या काळच्या बायकांनी स्वतः या प्रश्नाकडे कसे पाहिले ते बघावे. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्यांचे म्हणणे असे होते की ज्या अपराधात पुरुष बरोबरीचा भागीदार आहे त्याची शिक्षा एकट्या बाईला होते. विधवेवर घरातल्याच पुरुषाने केलेली जबरदस्ती, तिची फसवणूक, मग तिलाच घराबाहेर काढणे, याला तेव्हा वेगळे नाव नव्हते. नाव नव्हते म्हणून ती हिंसा नव्हती असे होत नाही.

पुढच्या पिढीत मदतीचे दार मोठे झाले, पण उंबरठ्याशी अटीही वाढल्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. विधवेला शिक्षण, राहायला खोली आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तयारी, हे सारे एका छपराखाली देणारी ती नव्या प्रकारची संस्था होती. तिची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई झाली. १८९३ मध्ये सदनात धर्मांतर होते असा गहजब उठला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराबद्दलची समाजाची चिंता खोटी होती असे मी म्हणत नाही. आश्रयाच्या बदल्यात श्रद्धा मागणे गैरच आहे. पण त्या वादात एक गोष्ट कुणी फारशी विचारली नाही. घरी परत नेलेल्या त्या मुलींना घरी काय वाट्याला आले? दार कुणाचे असावे यावर भांडण झाले; दारात उभ्या असलेल्या मुलीला काय हवे होते ते बाजूलाच राहिले.

कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला, तेव्हा हा धडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आश्रमाला देणग्या हव्या होत्या आणि मुली पाठवायला घाबरणाऱ्या घरांचा विश्वास हवा होता. म्हणून ज्या कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केले होते, त्यांनीच आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळे ठेवले. त्यामुळे संस्था टिकली, हजारो मुली शिकल्या, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्याची किंमतही होती. असा आश्रम ‘सोज्वळ’ विधवेसाठी होता. जिच्यावर अत्याचार झाला आहे, जिला दिवस गेले आहेत, जिला लोकांनी ‘वाया गेलेली’ म्हटले आहे, तिच्यासाठी तिथे जागा नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी दुष्काळात उपाशी आणि लुबाडल्या गेलेल्या मुली आणल्या, आणि अशा बायकांसाठी ‘कृपा सदन’ वेगळे काढले. तिथे धर्माची छाया होती, पण ‘तू कुणाच्या पापाची भागीदार आहेस?’ हा प्रश्न नव्हता. म्हणजे पुण्याच्या आसपास एकाच वेळी दोन प्रकारची दारे होती. एक समाजाला मान्य होते आणि म्हणून निवडक होते. दुसरे उघडे होते आणि म्हणून समाजाला संशयास्पद वाटत होते. पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येक संस्थेला या दोहोंमधून वाट काढावी लागली.

जुन्या व्यवस्थेची बाजू मांडणारे इथे म्हणतील की संस्थांची गरजच काय होती; एकत्र कुटुंब होते, माहेर होते, गाव होते. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि तो रखमाबाईंच्या खटल्यातून चांगला दिसतो. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला की लहानपणी लग्न झालेली आपली बायको नांदायला येत नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्यांच्या पाठीशी आई होती, डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे सावत्र वडील होते, राहायला स्वतःचे म्हणावे असे घर होते आणि वर्तमानपत्रात लिहिता येईल इतके शिक्षण होते. ‘मी जाणार नाही’ हे वाक्य बोलायला आधी थांबायला जागा लागते. ज्या माहेराला दुसऱ्या मुलीचे लग्न करायचे आहे, ते माहेर पहिलीला थांबवून घेत नाही. चार दिवसांनी समजूत घालून परत पोचवते. बहुजन जातींमध्ये काडीमोड होता, पाट होता, म्हणजे सुटकेची वाट ब्राह्मण घरांपेक्षा मोकळी होती. पण ती जातपंचायतीच्या हातात होती, आणि पंचायतीत बाईची बाजू बाई मांडत नसे. कुटुंब आणि गाव हे आधार होते ते ज्यांचे नशीब बरे त्यांच्यासाठी. आधार नशिबावर सोडायचा नसेल तर तो संस्थेच्या रूपाने उभा करावाच लागतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेवासदन, श्रद्धानंद महिलाश्रम अशा संस्था वाढल्या. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, साऱ्या देशाच्या आधी आठ वर्षे. स्वातंत्र्यानंतर सरकारने महिला राज्यगृहे आणि आधारगृहे काढली. तिथे मार खाऊन निघालेली, पोलिसांनी कुंटणखान्यातून सोडवून आणलेली, घर चुकलेली आणि कुणीच नसलेली अशा सगळ्या बायकांची सोय होऊ लागली. सरकारी छप्पर मिळाले ही मोठी गोष्ट होती. मात्र त्या व्यवस्थेचा पाया ‘सुधारणा’ हा होता, आणि सुधारायचे होते बाईला. बाहेर जायला परवानगी लागे, भेटायला येणाऱ्यांवर नजर असे. ज्याने मारले तो घरी मोकळा राही आणि जिने मार खाल्ला ती कुंपणाच्या आत राही. आश्रयगृह हवेच, पण केवळ तेवढेच दिले तर शिक्षा तिलाच होते, हे चळवळीला उमजायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

त्या उमजण्याची सुरुवात एका पोलीस ठाण्यात झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका तरुण आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ती तिथे आली होती ती तिच्या भावाच्या तक्रारीच्या चौकशीसाठी. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क होता. उच्च न्यायालयाने सांगितले होते की भीतीपोटी गप्प राहणे ही संमती नव्हे. ते वर टिकले नाही. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. गरीब, आदिवासी, अल्पवयीन मुलीने रात्री पोलीस ठाण्यात दोन शिपायांसमोर किंचाळावे अशी अपेक्षा कोणत्या जगात करता येते, असा त्या पत्राचा रोख होता. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा ठरला. अशा खटल्यात संमती नव्हती असे बाईने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे कलम आले. तिचे नाव छापण्यावर बंदी आली. त्याच साली सासरच्या छळासाठी ४९८-अ कलम आले. ‘वळ दाखव’ हा प्रश्न कायद्याच्या एका पानावर तरी मागे पडला.

पण मोर्चे संपल्यावर कार्यकर्त्यांच्या दारात बायका येऊ लागल्या, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींची तक्रार कोठडीबद्दल नव्हती, घराबद्दल होती. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेच्या मृत्यूने शहर हादरले. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच काढला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन गावोगावी नेले. पोस्टरसमोर थांबलेल्या बायका बोलू लागल्या, तेव्हा त्यांचे ऐकून घ्यायला कायमची जागा हवी हे कळले आणि ‘बोलते व्हा’ केंद्र सुरू झाले. मुंबईत बलात्कारविरोधी मंचाच्या कामातून स्त्रियांचे केंद्र निघाले. ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ हे १९८३ चे नाटक शेकडो वस्त्यांत पोचले, आणि स्त्रीमुक्ती संघटनेला प्रयोगाबरोबर समुपदेशनही करावे लागले. संगमनेरला निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने आणि सांगली भागात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने टाकलेल्या बायकांचा प्रश्न रस्त्यावर आणला. त्यांची एक साधी मागणी इथे मुद्दाम आठवावी अशी आहे: टाकलेल्या बाईच्या नावाने स्वतंत्र रेशनकार्ड द्या. नवऱ्याच्या कार्डावर नाव आणि कार्ड नवऱ्याकडे, अशा स्थितीत माहेरी बसलेल्या बाईच्या वाट्याला रेशनचे धान्य येत नव्हते. सरकारदरबारी ती कुठल्याच घरात राहत नव्हती. मारहाण थांबवायला जसा पोलीस लागतो तसा तहसील कचेरीतला पुरवठा कारकूनही लागतो, हे शहरी चळवळीला या बायकांनी शिकवले.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातले ते सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. तोवर ठाण्यात गेलेल्या बाईचा अनुभव ठरलेला होता. हवालदार ऐकून घेई, अदखलपात्र म्हणून एनसी लिहून देई, आणि नवरा-बायकोचे भांडण आहे, घरी जा, म्हणे. कक्षात पोलिसाऐवजी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली, पण बसली पोलिसांच्याच इमारतीत. आलेल्या बाईचे म्हणणे तिच्या शब्दांत सविस्तर लिहून घ्यायचे. आज घरी परत जाणे सुरक्षित आहे का ते आधी पाहायचे. तिला काय हवे ते विचारायचे: मार थांबायला हवा, मुले ताब्यात हवीत, वेगळे राहायचे आहे, की फक्त कपाटातले दागिने आणि शाळेचे दाखले परत हवेत. मग नवऱ्याला पत्र जाई, आणि त्या पत्रावर आयुक्तालयाचा पत्ता असल्यामुळे तो येई. स्त्रीधन आणायला कार्यकर्ती पोलिसाला बरोबर घेऊन सासरी जाई, तेव्हा भांडी, मंगळसूत्र, गॅसचे कार्ड यांची यादी करून सही घेतली जाई. हा प्रयोग पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्वीकारला, जिल्ह्याजिल्ह्यांत नेला, आणि दुसऱ्या राज्यांनीही उचलला.

या कक्षावर चळवळीतूनच टीका झाली, आणि ती गांभीर्याने घ्यावी अशी आहे. पोलिसांच्या छायेत बसून पोलिसांविरुद्ध कसे बोलणार? समुपदेशन म्हणजे शेवटी तडजोडच नव्हे का? बाईला दोन समजुतीचे शब्द सांगून परत नांदायला पाठवणेच नव्हे का? काही केंद्रांत असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘घर वाचवले’ असा आकडा जिथे यशाचा मानला जातो तिथे बाईचा जीव दुय्यम ठरतो. पण याचे उत्तर ठाण्याबाहेर पडण्यात नाही. बाई संकटात रात्री ठाण्यातच जाते. संस्थेची पाटी तिला माहीत नसते. समेट झालाच तर तो हिंसा थांबण्याच्या लेखी अटीवर आणि पुन्हा तपासून पाहण्याच्या कराराने झाला पाहिजे, आणि वेगळे राहायचे ठरले तर त्या निर्णयालाही तितकीच साथ मिळाली पाहिजे. पोलिसाची सत्ता आणि समाजकार्यकर्तीची निष्ठा एका खोलीत आणणे अवघड आहे. तरीही दोन्ही एकाच खोलीत असल्याशिवाय त्या पत्राला नवरा येत नाही आणि ते कपाट उघडत नाही.

दुसरे असेच दार दवाखान्याचे होते. मार खाल्लेली बाई ठाण्यात जाईलच असे नाही, पण डोक्याला टाके घालायला कॅज्युअल्टीत यावेच लागते. तिथे केसपेपरवर ‘जिन्यावरून पडली’ किंवा ‘स्टोव्हचा भडका’ असे लिहिले जाई, टाके पडत, इंजेक्शन मिळे आणि बाई परत जाई. सारे जाणणारी परिचारिका गप्प राही, कारण विचारणे हे तिचे काम मानले गेले नव्हते. २००० च्या सुमारास बृहन्मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्य संशोधन संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. वेगळी इमारत बांधली नाही. रुग्णालयातच एक विभाग उघडला आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. वारंवार येणारी अंगदुखी, विष घेतल्याची नोंद, गरोदरपणातली जखम, अशा खुणा दिसल्या की एकांतात विचारायचे, घरी काही त्रास आहे का? घरी जाणे धोक्याचे असेल तर देखरेखीसाठी म्हणून एकदोन दिवस वॉर्डात ठेवून घ्यायचे. तेवढी खाट हीच तिची तातडीची निवाऱ्याची जागा. नातेवाईक बाहेर बसलेले असले तरी ‘डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे’ हे कारण घरी चालते, म्हणून ती पुन्हा येऊ शकते. पुढे हे केंद्र महापालिकेच्या आणखी अनेक रुग्णालयांत गेले.

बलात्काराच्या तपासणीत तर पहिला प्रश्न बदलणे ही अक्षरशः लढाई होती. वैद्यकीय तपासणी म्हणजे पोलिसांसाठी पुरावा गोळा करणे, उपचार नंतर, अशी पद्धत होती, आणि दोन बोटांच्या चाचणीवरून बाईला ‘संबंधाची सवय आहे’ असा शेरा मारला जाई. देसाईगंजच्या खटल्यात हाच शेरा तिच्याविरुद्ध वापरला गेला होता. २००८ पासून मुंबईतल्या काही महापालिका रुग्णालयांत ‘सेहत’ने वेगळी पद्धत रुजवली: आधी संमती, मग उपचार, गर्भनिरोधक गोळी आणि संसर्गाविरुद्धची औषधे, सोबत पुरावा, आणि तिने नको म्हटले तो भाग सोडून द्यायचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेविरुद्ध ठरवली, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१३ च्याच सुधारणेने खासगी दवाखान्यांसह सर्वांवर मोफत उपचारांची सक्ती केली. तरीही २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. कायदा बदलल्यावर नऊ वर्षांनीही हात तेच करत होते, याहून माझ्या मुद्द्याला दुसरा पुरावा नको.

२००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. फौजदारी शिक्षेच्या आधी बाईला हव्या असणाऱ्या गोष्टी, म्हणजे घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा, त्याने एका अर्जात आणल्या. रखमाबाईंना ज्या थांबण्याच्या जागेमुळे बळ मिळाले, ती जागा सासरच्याच घरात मिळवून देण्याचा हा प्रयत्न होता. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीच्या घरात सुनेचा हक्क नाही असा अर्थ लावला. आपल्याकडे बहुतेक घरे सासूसासऱ्यांच्याच नावावर असतात, तेव्हा हक्काचा मोठा भाग तिथेच गळला. २०२० मध्ये तो अर्थ दुरुस्त झाला. मधली चौदा वर्षे गेली ती गेली. या कायद्याने नेमायच्या संरक्षण अधिकाऱ्यांचे काम सुरुवातीला दुसऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त म्हणून दिले गेले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ पासून अत्याचारग्रस्तांसाठी मनोधैर्य योजना आणली, आणि २०१५ पासून केंद्राची सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याजिल्ह्यांत आली. कल्पना योग्य आहे: पोलीस, डॉक्टर, वकील आणि समुपदेशक एका छताखाली. प्रश्न एवढाच की छताखाली बसणारी माणसे किती काळ टिकतात.

या सेवांमुळे घरे मोडतात आणि सासरच्या छळाविरुद्धच्या कलमाचा गैरवापर होतो, हा सर्वांत मोठा आक्षेप आजही ऐकू येतो. खोट्या तक्रारी होत नाहीत असे नाही. ज्यांना त्या भोगाव्या लागतात त्यांचे दुःख खरे आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला आळा घातला, तो योग्यच होता. पण २०१७ मध्ये तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवण्याचा आदेश निघाला आणि पुढच्या वर्षी न्यायालयानेच तो मागे घेतला. त्या आदेशाने ठाण्याच्या दारात आणखी एक परीक्षा उभी केली होती. गैरवापरावरचा उपाय दार अरुंद करण्यात नाही. बाईला राहायला घर, पोटगी आणि दागिने सरळ मिळाले, तर फौजदारी खटला हे तिच्या हातातले एकमेव हत्यार राहत नाही. आणि घर मोडण्याबद्दल बोलायचे तर ज्या घरात मार आहे ते घर मोडते मारामुळे. समुपदेशक फक्त त्याची नोंद घेते.

दुसरे टोक शिक्षेवर भरवसा ठेवणाऱ्यांचे आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले, आणि लोकांनी त्याचे स्वागत केले. संताप समजण्याजोगा आहे. पण बहुतेक अत्याचार करणारे ओळखीचे असतात: नवरा, काका, शेजारी. शिक्षा जितकी भयंकर, तितका तक्रार न करण्यासाठी घरातूनच येणारा दबाव मोठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितल्याचे दिसले, आणि त्यातही बहुतेकींनी आपल्याच नातेवाइकांकडे. पोलीस आणि डॉक्टरांपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. फाशीचे कलम शंभरातल्या या उरलेल्या ८६ जणींपैकी एकीलाही दारापर्यंत आणत नाही.

त्यांना आणते ती कॅज्युअल्टीत हळूच विचारणारी परिचारिका, ठाण्यातल्या कोपऱ्यात बसलेली समाजकार्यकर्ती, पुरवठा शाखेत नाव लावून देणारा कारकून. आज यांच्यातली बरीच मंडळी कंत्राटावर आहेत, मानधन उशिरा मिळते आणि काम मोजले जाते ते निकाली काढलेल्या अर्जांनी. दीडशे वर्षांचा अनुभव वेगळा मापदंड सांगतो. बाई दुसऱ्यांदा येते का? तिच्या पहिल्या जबाबात तिचेच शब्द आहेत का? तिने मागितले ते तिला मिळाले का, की आपण ठरवले ते? राज्याने विशेष कक्ष आणि दिलासासारखी केंद्रे तालुक्यापर्यंत कायम पदांसह न्यावीत, संरक्षण अधिकाऱ्याला दुसरे काम देऊ नये, आणि प्रत्येक केंद्राचे मूल्यमापन वरच्या तीन प्रश्नांनी करावे. फुले दांपत्याकडे सरकारी निधी नव्हता, कायदा त्यांच्या बाजूने नव्हता आणि शेजारपाजार विरोधात होता. तरी त्यांनी बाईच्या निर्णयाला मान दिला. आपल्याकडे आज कायदा आहे, निधी आहे आणि अनुभवाने तपासलेली पद्धत आहे. आता ती प्रत्येक दारापर्यंत न नेण्याला कोणतीच सबब उरलेली नाही.